हसण्याचा भाग

“ताट ओढताना माझ्याकडं बघू नका,” कोमल म्हणाली. “मान खाली. मुकाट बसून राहायचं.”

नंदाबाईंनी मान खाली घातली. समोरच्या फळीवर डब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. कोमलनं सासूच्या पुढ्यातलं ताट खसकन ओढलं, “फुकटचं गिळायला लाज नाही वाटत?” असं फटकारलं आणि ताट घेऊन तरातरा आत गेली. क्षणभरानं तिनं दारातून डोकं काढलं आणि दोघी खो खो हसल्या. मोबाइल चालूच होता.

हसू खोटं नव्हतं, पण कोमलचं जरा वेगळ्या गोष्टीचं होतं.

वलवणचं घर नंदाबाईंच्या नावावर होतं. रस्त्याकडच्या दोन खोल्या शनिवार-रविवारी पर्यटकांना द्यायच्या आणि सासूनं औंढ्याच्या जुन्या घरी जाऊन राहायचं, असा कोमलचा बेत. तो तिनं माहेरची माणसं आलेली असताना मोठ्या तोंडानं बोलून दाखवला. नंदाबाईंनी चहाचे कप पुढं केले आणि तितक्याच शांतपणे म्हणाल्या, “घर माझं हाय. जिला अडचण होतीय तिनं दुसरं बघावं.” कोमलच्या आईनं खालमानेनं चहा संपवला. तो चहा कोमलच्या घशात अजून अडकलेला होता.

भांडणात सासू तिला भारी पडली असती. म्हणून तिनं ठरवलं, म्हातारीचं हसं करायचं. इतकं, की वलवणात तोंड दाखवायची चोरी व्हावी आणि तिनं आपणहून गाठोडं बांधावं. पहिला व्हिडिओ चोरून काढला. कवळी काढून ठेवलेल्या नंदाबाई चिक्कीचा तुकडा या गालातून त्या गालात घोळवतायत, आणि खाली टाकलेलं टिंगलीचं गाणं. शिरगावच्या साईमंदिरात बायका त्यांच्याकडं बघून पदराआड हसल्या, तेव्हा त्यांना कळलं.

घरी येऊन त्यांनी एवढंच विचारलं, “किती जणांनी बघितलं गं?”

“चाळीस हजार, आत्याबाई.”

नंदाबाईंनी प्रसादाची पुडी देवापुढं ठेवली. मग म्हणाल्या, “मलाबी शिकव की.”

कोमलला हसू आवरेना. शिकार आपल्या पायांनी चालत आली होती.

तिनं मनापासून शिकवलं. उजेड तोंडावर हवा. पहिल्या तीन सेकंदांत बघणारा थांबला पाहिजे, नाहीतर अंगठा पुढं सरकलाच. डोळ्यांत पाणी आणायचं तर मनाला लागलेलं काहीतरी आठवायचं. नंदाबाईंना पहिल्याच फटक्यात पाणी यायचं. त्या काय आठवतात, हे कोमलनं कधी विचारलं नाही.

गंमत म्हणजे कल्पना सगळ्या नंदाबाईंच्या असत. माझ्या गोळ्या खिडकीतून फेकून दे. मला उन्हात उभी कर. तू खाष्ट सून हो, तुला शोभतंय. आणि शोभायचंच. मनात साठलेलं सगळं कोमल सासूच्या तोंडावर ओकायची आणि वर अभिनयाचं कौतुक व्हायचं. असं सुख तिला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होतं.

एकदा तांदूळ निवडता निवडता नंदाबाई म्हणाल्या, “शेवटचं हसणं काढून टाकलं तर? हसलो की लोकांना खोटं वाटतंय.”

कोमलनं कापून बघितलं. व्हिडिओ दोन लाखांवर गेला. खाली शिव्यांचा पाऊस. “शिव्या आल्या की समजायचं गाडी सुसाट सुटली,” ती खुशीत म्हणाली आणि आधीचे व्हिडिओही काढून, हसणं छाटून तिनं पुन्हा टाकले.

“आन् कापलेलं कुटं जातंय?”

“पुसून टाकते. फोन भरतो ना.”

“परत काढता येत न्हाई?”

“नाही हो. गेलं ते गेलं.”

नंदाबाईंनी मान हलवली आणि सूप पुढं ओढलं.

शेजारच्या रतनबाई कोमलशी बोलेनाशा झाल्या. जळतात मेल्या, असं कोमलनं ठरवून टाकलं. नवरा ओंकार टुरिस्ट गाडीवर. चार-चार दिवस बाहेर असायचा आणि बाकी दुनियेसारखंच आईला फोनवर बघायचा. “जरा जास्त होतंय,” तो एकदा म्हणाला. “तुमच्या आईलाच हौस,” कोमलनं त्याला उडवून लावलं.

आणि एक दिवस नंदाबाईंनीच विषय काढला. “लय झालं हसं. आता ह्या घराचं काय ते मिटवून टाकू. सोमवारी वडगावला कचेरीत जायचंय. ओंकारलाबी सुट्टी घ्यायला सांग.”

कोमलनं ठेवणीतली साडी नेसली, गजरा माळला. गाडीत ती पुढच्या खोल्यांना पडदे कुठल्या रंगाचे लावायचे याचा विचार करत होती. बिचारीची कीवसुद्धा आली तिला थोडी.

कचेरीतल्या साहेबांनी तिघांना बसवलं आणि टेबलावरचा टॅब कोमलकडं फिरवला. पडद्यावर कोमल सासूचं ताट ओढत होती. आवाजासकट.

“ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली सासूबाईंचा अर्ज आहे,” साहेब म्हणाले. “घरात छळ होतो. मुलानं आणि सुनेनं त्यांचं घर रिकामं करावं. या तुम्हीच ना?”

“मीच, पण साहेब, हे नाटक आहे,” कोमल घाईघाईनं म्हणाली. “विचारा ना यांना. सगळं यांनीच सुचवलेलं.”

साहेबांनी नंदाबाईंकडं बघितलं. त्यांची मान खाली होती. पाणी पहिल्याच फटक्यात आलं होतं. ओंकार एकदा आईकडं बघत होता, एकदा बायकोकडं, आणि खरं काय ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

“शपथ घेऊन सांगते,” कोमल म्हणाली. “प्रत्येक वेळी शेवटी आम्ही दोघी हसायचो. खो खो हसायचो.”

साहेबांनी टॅब बाजूला सारला आणि तिच्या मोबाइलसाठी हात पुढं केला.

“मग ते हसणं दाखवा.”