जाऊन ये

२०२३ सालच्या जानेवारीतली गोष्ट. अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आणि राजीवराव प्राचीन रोमन शहाणपणावर बोलत होते. विषय होता राग.

राजीवराव मोटार कंपनीतून रिटायर झालेले इंजिनियर. नोकरी सुटली तेव्हा कुणावर तरी डाफरायची सोय गेली. मग त्यांना रोमन लोक सापडले. "शहाणा माणूस रागावतच नाही," ते माइक सावरत म्हणाले. "मी तर वर्षानुवर्षं आवाज चढवलेला नाही."

पहिल्या रांगेत त्यांची बायको शैलजाबाई तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोळी गार झाली म्हणून सकाळीच राजीवरावांनी भिरकावलेलं ताट त्यांनी उचललं होतं.

शैलजाबाईंची थोरली बहीण उत्तराताई नागपूरला अंथरुणाला खिळली होती. रोज फोनवर एकच विचारायची, "शैलू, कधी येतेस?" महिन्यापूर्वी शैलजाबाईंनी तिकीट काढलं होतं. राजीवरावांनी ते कॅन्सल केलं.

"तू काय डॉक्टर आहेस? जे आपल्या हातात नाही, त्याचा विचार करू नये. रोमन लोक हेच सांगतात."

"आणि जे हातात आहे, ते?"

"माझं जेवण. ते आहे तुझ्या हातात."

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. मंडळाची सेक्रेटरी विनीता माइक घेऊन खाली आली. "शैलजाकाकू, आता उखाणा! काकांसारख्या शांत माणसाचं नाव घ्यायला लाजताय काय?"

"अगं, या वयात कसला उखाणा!" म्हणत शैलजाबाई उठल्या. डबा खुर्चीवर ठेवला. पदर सारखा केला.

"रोमच्या शहाण्यांनी सांगितलं, राग ठेवावा दूर,
राजीवराव हसत म्हणतात, जाऊन ये नागपूर!"

हॉल दणाणला. "वा, काका! सो स्वीट!" विनीता ओरडली. "काकू कधी निघतायत?"

राजीवरावांचे कान लाल झाले. जबडा हलला. मागच्या पडद्यावर त्यांच्याच भाषणाचं शेवटचं वाक्य, 'शहाणा माणूस रागावतच नाही', अजून झळकत होतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"ऑफ कोर्स," ते म्हणाले. आणि हसले. हसावंच लागलं.

उत्तराताई होळीपर्यंत होती. शेवटचं पाणी तिला बहिणीच्या हातून मिळालं. शैलजाबाई आता दर हिवाळ्यात नागपूरला जातात, उखाणा न घेता. राजीवराव खिचडी करायला शिकले, ती करपते, आणि ओरडायला घरात कुणी नसतं. रोमन लोकांवर ते अजून बोलतात; राग मात्र वगळतात. विनीता मंडळाची अध्यक्ष झाली. "काकांना संक्रांतीला रागावरच बोलायला लाव, आणि नंतर मला उखाणा घ्यायला लाव," असा फोन तिला शैलजाबाईंनी केला होता, तिकीट कॅन्सल झालं त्याच संध्याकाळी.