रुतलेलं जोडवं

"पाय वर घ्या," डॉक्टर वल्लरी म्हणाल्या.

हेतलने डावा पाय स्टुलावर ठेवला. पनवेलच्या बाजारातला, पहिल्या मजल्यावरचा चामडीच्या रोगांचा दवाखाना. शेजारी सासू मालूबाई, पर्स पोटाशी घट्ट धरून. नवरा मितेश दाराजवळच्या खुर्चीत मोबाईल बघत. खरं तर हेतल बेलपाड्याहून एकटीच येणार होती. पण एकटी सून दवाखान्यात गेली की गाव तिच्या पोटाकडे बघतं, म्हणून सासू निघाली. सासू निघाली म्हणून नवरा निघाला.

अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर मरून रंगाचं नेलपॉलिश होतं. डॉक्टरांनी ते कापसाने पुसलं. खालून निघालेलं नख पिवळं, जाड, टोकाला भुगा झालेलं. शेजारच्या बोटाचं तर मांसापासून अर्धं सुटलेलं. त्याच बोटात चांदीचं जोडवं. बोट सुजलं होतं आणि जोडवं आत रुतलं होतं.

"कधीपासून आहे?"

"मागच्या गणपतीपासून."

"काय काय लावलंत?"

हेतलने सासूकडे बघितलं.

"हळद लावली, लिंबू लावला, मेंदी लावली," मालूबाई म्हणाल्या. "मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली, ती पण लावली. मग हळदी-लग्नात चार बाया पाय बघतात, म्हणून रंग लावाय मीच सांगितला. रोग काय मिरवायचा हाय?"

"झाकलात म्हणून तर पसरला. ही बुरशी वाटते. पण नख दुसऱ्या कशानेही असं होतं, म्हणून तुकडा तपासायला पाठवते. बुरशीच निघाली तर गोळ्या. त्याआधी लिव्हरसाठी रक्त तपासायचं. आणि घाई करू नका. पायाचं नवीन नख पूर्ण यायला वर्ष जातं, कधी जास्तच."

"एका नखाला वरीस?" मालूबाईंनी विचारलं.

डॉक्टर चिमट्याने जोडव्याखालून काहीतरी ओढत होत्या. काळा, बुळबुळीत दोरा निघाला. त्याच्याखालची कातडी पांढरी पडून सोलली होती. वास सुटला. मालूबाईंनी पदर नाकाला लावला.

"हे काय आहे?"

"दोरा. जोडवं सैल व्हतं, पडत व्हतं. मीच गुंडाळून दिला. सगळ्याच बाया गुंडाळतात."

बाईने दिवसभर मोरीत, ओट्यापाशी, अंगणात पाणी तुडवायचं आणि बोटाला ओली चिंधी बांधून ठेवायची. याला घरात सौभाग्य म्हणतात.

"घरात अजून कुणाला आहे असं?"

"नाय कुणाला," मालूबाई म्हणाल्या.

"ह्यांना हाय," हेतल म्हणाली.

मितेशने पहिल्यांदाच मोबाईलवरून मान वर केली.

"शूज काढा," डॉक्टर म्हणाल्या.

"माझं ते कामाचं हाय मॅडम. कंटेनरच्या यार्डात दिवसभर सेफ्टी शूज घालाय लागतात."

"काढा."

त्याने एक बूट काढला, मग मोजा. मोजा दमट होता. अंगठ्याचं नख जुन्या शिंगासारखं वर उचललेलं, करडं. डॉक्टर वाकल्या आणि बघून सरळ झाल्या.

"हे कधीचं?"

"असंल. लग्नाच्या आधीपासून."

"घरात नेलकटर किती?"

"एकच," हेतल म्हणाली. "बाथरूममधली चप्पल पण एकच."

"मग तुमच्याकडे कुठून आलं हा प्रश्न सुटला."

मालूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "पुरुषाच्या पायाला व्हतंच. बूट घालून कमावतो तो."

"बुरशीला पगार कळत नाही, मावशी. औषध दोघांनाही लागेल. एकटीला दिलं तर सहा महिन्यांत परत माझ्याकडे. नेलकटर वेगळं, चप्पल वेगळी. मोजे सुती, रोज धुतलेले. बूट दोन जोड घ्या, एक वाळला की दुसरा. पाय धुतले की बोटांच्या मधे कोरडं पुसायचं." मग त्या हेतलकडे वळल्या. "जोडवं आज काढायला हवं. ओढून निघणार नाही, कापावं लागेल. दुसऱ्या पायातलंही बरं होईपर्यंत घालू नका."

"कापायचं नाय," मालूबाई म्हणाल्या.

"बोट आणखी सुजलं तर रक्त अडेल. बोट काळं पडेल. मग जोडव्याऐवजी बोट कापावं लागेल."

"जरा तेल लावून सरकवा. पुसून घ्या. पण कापायचं नाय. नवरा जिता असताना जोडवी उतरत नाय. आमच्यात नाय, कुणाच्यातच नाय."

डॉक्टरांनी मितेशकडे बघितलं. "नवरा इथेच बसलाय. तुम्ही सांगा."

मितेश दमट मोजा हातात धरून बसला होता.

"आईला विचारा," तो म्हणाला.

"आईचं ऐकलं मी. बोट तुमच्या बायकोचं आहे."

"ते बायकांचं हाय मॅडम. त्यात मी काय बोलू?"

मालूबाईंनी मान डोलावली. झालं, ठरलं. त्या पर्स उघडून रिक्षाचे सुटे शोधायला लागल्या.

हेतलने पाय स्टुलावरून काढला नाही. उलट साडी घोट्यापर्यंत वर घेतली आणि पाय आणखी पुढे सरकवला.

"कापा, डॉक्टर."

"हेतल," सासू म्हणाली. "डोस्कं फिरलं काय तुजं? उद्या लोकं काय समजतील? घरधनी जिता हाय तुजा."

"जिता हाय ना, आई?" हेतल म्हणाली. "मग आता बोलंल तो. मी थांबते."

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून छोटं कटर काढलं, स्पिरिटने पुसलं, आणि त्याही थांबल्या.

खाली बाजारात कुणीतरी सुक्या सोड्यांचा भाव ओरडत होतं. मितेश खाली बघत मोजा उलटा-सुलटा करत राहिला.

मग खोलीत चांदी तुटल्याचा आवाज झाला.