मागावरचा मोर

शुक्रवार पेठेतल्या बंद कारखान्यातला गंजका माग चित्रकार उत्कर्षाला भलताच देखणा वाटला. त्यावर धुळीनं माखलेली अर्धवट चादर होती. चादरीवरचा मोर मानेपर्यंतच विणलेला. चित्रात तिनं तो पुरा केला.

दुसऱ्या दुपारी मागावरचाही मोर पुरा होता. काल आपणच नीट पाहिलं नाही की काय?

"माग कुणी चालवला?" तिनं राखणदार कुंडलिकमामांना विचारलं.

"कोण चालवतंय? लाईट कवाच तोडलीय की. हितली पद्धत ठाऊक हाय न्हवं, ताई? आदी कागदावर चित्र, मग मागावर."

मामा चहाला गेले. ती वळली, तर मोराच्या वर एक बाई विणलेली. मांडीवर कागद, अंगात उत्कर्षाचाच हिरवा कुर्ता, मानेपर्यंतच.

हे तर तिनं काढलंच नव्हतं. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

पाठीमागून कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज येतच राहिला.