जाड तार

"काका, अजून तसंच आहे," गिटारवाली म्हणाली.

कानसेनांनी सोल्डरिंग आयर्न स्टँडवर आपटलं. "तसंच म्हणजे कसं?"

"घुमतंय. जाड तार छेडली की सगळं रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं होतं. गाणाऱ्या ताईचा एक शब्द वर येत नाही. संध्याकाळी कार्यक्रम आहे. ती म्हणाली, आजही असंच झालं तर उद्यापासून दुसरी गिटारवाली बघते."

ही तिची तिसरी खेप होती. कानसेनांकडे दुसरी खेप कुणी कधी घातली नव्हती. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन तरी व्हावं म्हणतात; हे झाले होते आणि सगळा बाजार त्यांना त्याच नावाने ओळखायचा. अॅम्प्लिफायर नुसता चालू केला की त्यातला कुठला काचेचा व्हॉल्व्ह दमलाय, ते मीटर न लावता सांगायचे.

त्यांनी तिचा अॅम्प्लिफायर बंद केला, आत साठलेली वीज उतरवली आणि सवयीने, शॉक नको म्हणून, डावा हात खिशात घालून उजव्या हाताने एक तपकिरी कपॅसिटर दाखवला.

"हे दार आहे असं समज. दार मोठं असलं की म्हैससुद्धा आत येते. लहान केलं की शेळ्या तेवढ्या येतात. म्हैस म्हणजे तुझा तो जाड आवाज. मी दोनदा दार लहान केलंय."

"आणि दोन्ही वेळा पुढच्या कपॅसिटरचं दार मोठं केलंत."

"मग काय करू? नाहीतर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा लागतो. पोकळ! मला ऐकू येतंय ना."

"पण काका, म्हैस आतच आहे."

"तुझी गिटार बघ आधी. नाहीतर बोटं बघ. नाचता येईना, अंगण वाकडं!"

 गिटारवालीने गिटार पुन्हा गळ्यात अडकवली.

"बरं," कानसेन जरा नरमले. "गिटारचं टोनचं बटण पूर्ण बंद कर. वरचं बारीक काही नकोच आपल्याला. फक्त जाड तार. एकदा छेड आणि वाजू दे. कुठे घुमतंय ते पकडतोच आता."

त्यांनी अॅम्प्लिफायर चालू केला, व्हॉल्व्ह तापू दिले, गुडघ्यावर बसून कान स्पीकरच्या जाळीजवळ नेला आणि डोळे मिटले.

गिटारवालीने तार छेडली.

"हं, छेड," कानसेन म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"अगं, छेड की! कार्यक्रम तुझा आहे ना?"

 तार अजून कापत होती. टेबलावर डब्याच्या झाकणात स्क्रू ठेवले होते, ते जागच्या जागी नाचत होते. एक कडेला सरकला आणि फरशीवर पडला.

तो पडलेला त्यांना लगेच ऐकू आला. त्यांनी डोळे उघडले, झाकणातले बाकीचे स्क्रू पाहिले. मग तिच्या बोटांकडे पाहिलं. हळूच तळवा लाकडी पेटीवर ठेवला. लाकूड थरथरत होतं.

गिटारवालीने हाताने तार दाबली. स्क्रू थांबले.

"पुन्हा छेड," ते म्हणाले. या वेळी त्यांनी कान पुढे केला नाही. नुसते झाकणाकडे बघत राहिले.

आतल्या दारात त्यांची बायको हात पुसत उभी होती.

"तुला माहीत होतं?" त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? माझ्या बश्यांना माहीत होतं. गेल्या वर्षीपासून तुम्ही नीट केलेलं जे येईल ते वाजलं की फळीवर किणकिण सुरू. आधी नव्हतं असं."

"मग बोलायचं नाही?"

"सगळा बाजार कानसेन म्हणतो. त्यात मी कुठे तोंड घालू?"

"हल्ली कशा नाही वाजत मग?"

 ती स्वयंपाकघरात गेली. बश्यांची फळी दुकानाच्याच भिंतीला लागून होती. दोन-दोन बश्यांच्या मध्ये घडी केलेलं एकेक फडकं होतं; त्यांच्याच जुन्या निळ्या शर्टाचं. तिने ती एकेक करून काढली आणि ओट्यावर ठेवली.

"छेड गं," तिने आतून हाक दिली.

गिटारवालीने जाड तार छेडली. भिंतीपलीकडे बश्या किणकिणल्या. कानसेनांना ते स्वच्छ ऐकू आलं.

त्यांनी अॅम्प्लिफायर बंद केला. वीज उतरवली. सगळ्यात लहान कपॅसिटर शोधायला त्यांना बराच वेळ लागला. टाका मारतानाही हात एकदा चुकला. गिटारवाली घड्याळाकडे बघत होती, पण घाई करा म्हणाली नाही. मग पुन्हा सगळं चालू करून त्यांनी स्टूल ओढलं आणि बश्यांच्या भिंतीला कान लावून बसले.

"छेड," ते म्हणाले. "म्हैस बाहेर जाईपर्यंत छेडत राहा."