नळीतला रंग

"बराबर हाय," फरशी पुसता पुसता दैवशाला म्हणाली.

धर्मराजनं काचेची नळी पुन्हा तिच्यापुढं धरली. "नीट पाह्य ना. पिवळं तर न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना. केशरीच हाय."

नळीत स्विमिंग पूलचं पाणी होतं आणि तपासणीच्या औषधाचे थेंब. पाणी पिवळं झालं तर ॲसिड जास्त, लाल झालं तर कमी, केशरी झालं की बरोबर. पहिलीतलं पोरही सांगेल इतकं सोपं. पण धर्मराजला हे तिन्ही रंग जन्मापासून सारखेच दिसत. बायकोशिवाय, म्हणजे दैवशालाशिवाय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पूलचे मालक राधेश्यामशेठ यांना कळलं असतं, तर एमआयडीसीजवळच्या या छपराखालच्या छोट्या पूलवरची नोकरी त्याच दिवशी गेली असती. म्हणून पाणी तो सांभाळायचा आणि रंग ती सांगायची.

आज मात्र त्याच्या जिवाला चैन नव्हतं. काल ॲसिड ओतताना हात जरा सैल सुटला होता. आणि उन्हाळी वर्गाची पोरं तर काठावर येऊन बसलीसुद्धा होती.

"रीडिंग काय?" शेठनं दारातून विचारलं.

"बराबर हाय, शेठ."

शब्द तोंडातून गेला, तरी धर्मराजची खात्री पटेना. त्यानं वाकून ओंजळभर पाणी डोळ्यांवर मारलं. डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग झाली. समोर वर्गातली लहानगी कशफ पाण्यात उतरायला पुढं सरकत होती.

"थांबा! कुणीच उतरायचं न्हाई!"

शेठ तरातरा आले. "आत्ता तर बराबर म्हणला ना तू?"

धर्मराजला नोकरी डोळ्यांसमोर जाताना दिसत होती. तरी तो बोलला, "शेठ, मला रंग कळत न्हाईत. रोज ही पाहून सांगते."

शेठनं नळी हिसकावून उजेडात धरली. पाणी हळदीसारखं पिवळं होतं. ते दैवशालावर कडाडले, "मंग तुलाबी दिसत न्हाई का?"

तिनं ओलं फडकं बादलीत टाकलं. नवऱ्याकडं काही तिला बघवेना.

"मला समदं दिसतं, शेठ. पण मागं ह्यांनी पाणी खराब हाय म्हणून सांगितलं, तवा वर्ग बुडाला म्हणत तुम्ही पोरांदेखत ह्यांची लाज काढल्ती. तवापासून नळीत काहीबी दिसू द्या, मी बराबरच सांगून राह्यले."