चोवीस वर्षांचं उत्तर

अन्विताचं यान प्रकाशाच्या निम्म्या वेगाने निघून बारा वर्षं झाली होती. आज तिच्या आजारी वडिलांनी, हेमंतरावांनी, अंथरुणातूनच तिला निरोप पाठवला आणि बायकोला विचारलं, "तिचं उत्तर कधी येईल गं?"

प्राजक्ताताईंनी आयुष्यभर शाळेत बीजगणित शिकवलं होतं. त्यांनी क्ष मानून समीकरण मांडलं. प्रकाशाच्या वेगाने गेलेला निरोप पुढे पळणाऱ्या यानाला बारा वर्षांनी गाठणार होता, आणि उत्तर परत यायला आणखी बारा लागणार होती. डॉक्टरांनी तर महिनाभरच सांगितला होता.

"सांग ना."

"पाडव्यापर्यंत येईल," वही मिटत त्या म्हणाल्या. जाणूनबुजून चुकीचं उत्तर त्यांनी आजवर कधीच दिलं नव्हतं.

हेमंतरावांनी त्यांचा हात धरला. "मग तोवर थांबतो."