फडक्यातले जीव

“भंवरे, फडकं उलटं धर. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात सोड.”

पिंपळवंडीच्या विहिरीवर आई असं म्हणायची, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. पाणी गाळून झालं की फडक्यावर राहिलेले जीव ती पुन्हा विहिरीत सोडायची अन् स्वतःशीच गुणगुणायची, ‘गाळलं ते घागरीचं, उरलं ते गं विहिरीचं’. आज सकाळपासून तो आवाज भंवरीबाईंच्या कानातून हलत नव्हता.

घोडेगावच्या पेठेत, कापडदुकानाच्या वरच्या माडीवर, त्यांच्या मुलाची, प्रितमची, काचेची टाकी होती. खोडदच्या दुर्बिणीवरचे एक साहेब बदली होऊन गेले, जाताना ती प्रितमला देऊन गेले. मिठाचं पाणी, वर दिवे, आत हरणाच्या शिंगासारखं फांद्याफांद्यांचं जिवंत पोवळं. दोन वर्षं सून डिंपलनं ते तान्ह्या लेकरासारखं जपलं. पण आठ दिवसांपासून ते बुंध्याकडून पांढरं पडत चाललं होतं. कातडी जाऊन हाड दिसावं तसं. काल दोन फांद्या पांढऱ्या होत्या. आज पाच.

प्रितम साहेबांशी फोनवर बोलून वर आला. हातात तार कापायची पक्कड होती.

“साहेब म्हणाले, दोनच गोष्टी असतील. पोवळ्याच्या नव्या तुकड्याबरोबर किडे आले असतील, तर कापायचं नाही. सगळं पोवळं आयोडीनच्या औषधाच्या पाण्यात बुडवायचं, म्हणजे किडे गळून मरतात. नाही तर मग हे सडणं. तसं असेल तर चांगले शेंडे तेवढे कापून घ्यायचे, बाकीचं फेकून द्यायचं. आजच्या आज.” तो डिंपलकडे वळला. “मला टाकीत किडे दिसत नाहीत. पण ते पोवळ्याच्याच रंगाचे असतात म्हणे. तू खरं सांग. मुंबईचा तो नवा तुकडा आला तेव्हा आयोडीनच्या पाण्यात बुडवला होतास? बुडवला असशील तर किडे नसणार, मग कापायचंच.”

“किती वेळा सांगू? दहा मिनिटं, घड्याळ लावून. मग तीन आठवडे बरणीत वेगळा ठेवला. तुम्हीच तर त्याला सुतकातला पाहुणा म्हणून हसत होता.”

“का गिऱ्हाईक आलं म्हणून राहून गेलं, अन् आता कबूल करवत नाही?”

डिंपलनं नुसता पदर खोचला अन् टाकीजवळ परात मांडली.

दुकानातले जुने गडी गेणभाऊ मिठाच्या पाण्याच्या दोन बादल्या घेऊन जिना चढून आले, एक परातीत ओतली. टाकीकडे बघून म्हणाले, “प्रितमशेठ, दगडाला आपरेशन म्हंजी लई झालं राव! आमच्या गाईला कुणी येवढं इचारत न्हाई.”

“दगड नाही तो, गेणभाऊ,” भंवरीबाई एकदम म्हणाल्या. “जीव आहे त्याच्यात.”

“आता तुमी म्हनता तर आसंल, बाई.”

प्रितमनं बाह्या वर केल्या. पक्कड पाण्यात गेली, फांदीला लागली अन् थांबली. चातुर्मासात ज्या घरात हिरवी पालेभाजीसुद्धा चिरत नाहीत, त्या घरातला हात तो.

भंवरीबाईंच्या डोळ्यांपुढं महिन्यापूर्वीची दुपार आली. डिंपल धुतलेला तुकडा घेऊन बरणीकडे गेली होती. ओट्यावर वाडगं राहिलं होतं. त्यातल्या तांबूस पाण्यात नखाच्या कातरणाएवढे चपटे जीव तळाशी पडलेले, काही अजून वळवळत होते. त्यांनी पाणी गाळायचं दुपदरी फडकं आणलं, वाडगं त्यावर हळूच ओतलं, अन् फडकं उलटं करून टाकीच्या पाण्यात हेलावलं. कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवताना, घास कसा गोड लागला होता.

आता बोलावं, तर ते सगळे औषधात मरणार. जे वाचवले, त्यांनाच पुन्हा मारायला सांगायचं? अन् न बोलावं, तर समोर हे हिरवंजांभळं झाड कापलं जाणार, आणि उरलेल्या शेंड्यांनाही तेच जीव खाणार. वर खरं बोलणारी सून जन्मभर खोटी ठरणार.

“धर गं परात,” प्रितम म्हणाला. “हलवू नकोस.”

“मी बुडवला होता,” डिंपल परातीकडेच बघत म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. “तुमची शपथ.”

पक्कड मिटू लागली.

“प्रितम, थांब.”

त्यानं मान वळवली. भंवरीबाई उठल्या. औषधांच्या फळीवरची आयोडीनची तपकिरी बाटली त्यांनी काढली. बूच घट्ट बसलं होतं, बोटांना निघेना. शेवटी त्यांनी ते पदरात धरून पिळलं.

“पक्कड बाहेर काढ. सडत नाही ते. किडेच आहेत.”

“पण बाई, ही तर म्हणते...” प्रितम आईला म्हणाला.

“ती खरं बोलते. तिनं तुकडा धुतला होता. वाडग्यात सतरा जीव राहिले होते. मी फडक्यात धरून टाकीत सोडले.” त्यांनी बाटली परातीवर तिरपी केली. “औषध मी ओतते. सोडलेही माझ्याच हातानं.”